आधी तोंड बघ, मग पाय मोज

कीटक, कोळी, गोमी असे सांधेदार पायांचे प्राणी कोणत्या गटातले हे ओळखताना नवीन माणूस पाय मोजत बसतो. मीही तेच केलं, आणि वर्षभर चकलो. तू मेलेला नाकतोडा घे, भिंगाखाली टाचणीने त्याचा वरचा ओठ उचल. आत दोन काळपट, दातेरी जबडे दिसतील. ते आपल्यासारखे वर-खाली नाही, आडवे मिटतात. हेच मँडिबल. कीटक, खेकडे-झिंगे, गोमी आणि वाणी या सगळ्यांकडे ते असतात, म्हणून हा गट मँडिब्युलाटा. कोळी-विंचवांकडे त्याजागी केलिसेरी, म्हणजे तोंडापुढचे नांगीसारखे अवयव असतात, मिशा नसतातच.

गोमीच्या नांग्यांना मात्र जबडे समजू नकोस. ते धडाच्या पहिल्या पायांचं रूपांतर आहे, खरे जबडे त्यामागे दडलेले असतात.

जुन्या पुस्तकांत श्वासनलिका आणि साध्या, फाटे नसलेल्या पायांवरून कीटकांना गोमींशेजारी बसवलेलं असतं. ते विसर. 2010 सालच्या, 62 जनुकांच्या मोठ्या अभ्यासानेही कीटक वंशवृक्षात कवचधाऱ्यांच्याच, म्हणजे खेकडे-झिंग्यांच्याच फांदीवर टाकले. म्हणजे झुरळ हे गोमीपेक्षा झिंग्याचं जवळचं नातलग! या एकत्र गटाला पॅनक्रस्टेशिया म्हणतात. कीटकांचे सर्वांत जवळचे नातलग बहुधा रेमिपीड, पाण्याखालच्या गुहांतले आंधळे जीव.