कुपवाडची इन्स्पेक्शनची नोकरी, अप्रेंटिसशिप की डिग्री? पलूसच्या पालकांना उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत ७८ टक्के. तिला डीआरडीओत, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत, जायचंय. तिच्या मामांचं म्हणणं, थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला प्रवेश घे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपनं तिला इन्स्पेक्शनला बोलावलंय, पगार १४ हजार. तिथं तोफेचे सुटे भाग बनतात. पुण्यातला एक क्लास ‘डिफेन्स मॅन्युफॅक्चरिंग’चा ९५ हजारांचा कोर्स नोकरीच्या हमीसह देतोय. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा, की पेपरात रोज दिसणारी ही वाढ खरी आहे, की दोन वर्षांत सगळं थंड होणार?

वाढ खरी आहे. २०२४-२५ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन सुमारे दीड लाख कोटींवर गेलं आणि निर्यात २३,६२२ कोटींची झाली. त्यातलं साधारण ७७ टक्के उत्पादन सरकारी कंपन्यांचं आणि २३ टक्के खासगी. पण हा आकडा कुपवाडच्या शेडपर्यंत पोचतो तो तीन-चार हातांतून, आणि सलग नाही, ढिगानं. हे समजून घेतलंत तर बाकीचे प्रश्न सोपे होतील, म्हणून इथं जरा थांबतो.

एटॅग्स ही १५५ मिलिमीटरची ओढून न्यायची तोफ घ्या. डिझाइन पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं, काम सुरू झालं २०१३ मध्ये. ३०७ तोफांच्या करारावर सही झाली मार्च २०२५ मध्ये, सुमारे ६,९०० कोटींची. भारत फोर्ज आणि टाटा यांच्यात ६०:४० अशी वाटणी. मध्ये बारा वर्षं गेली. खरेदीची वाटच तशी आहे. लष्कर गरज मांडतं, तिला मंजुरी मिळते, मग निविदा, कागदोपत्री तांत्रिक छाननी, वाळवंटात आणि उंचावर चाचण्या, त्यानंतर किमतीची घासाघीस, शेवटी सही. या वाटेवर कुठंही फाइल अडली की खालची सगळी साखळी थांबते. सही झाल्यावरही सुट्या भागाचं काम लगेच मोकळं होत नाही. आधी पहिला नमुना, मग छोटा लॉट, तो पास झाला की बल्क प्रॉडक्शन क्लिअरन्स, म्हणजे मोठ्या उत्पादनाची परवानगी, आणि मगच मोठी ऑर्डर. तेजस मार्क १ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. पहिलं विमान मार्च २०२४ मध्ये द्यायचं होतं. अमेरिकेतून यायच्या इंजिनांतलं पहिलंच मार्च २०२५ मध्ये हाती आलं. इंजिन दुसऱ्याचं, पण वाट बघत बसले सगळेच पुरवठादार.

त्यामुळे ज्या छोट्या कारखान्याचं सगळं पोट डिफेन्सवर, तिथं सहा महिने ओव्हरटाइम आणि पुढचे सहा महिने मशिनवर कापड, असं होऊ शकतं. माझं मत असं: मुलीनं डिफेन्स हे क्षेत्र निवडण्यापेक्षा असं कौशल्य निवडावं, जे डिफेन्सला लागतंच आणि ऑर्डर आटली तरी पंप, ट्रॅक्टर, पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सला पण लागतं. तपासणी हे ते कौशल्य. आपल्या भागात टर्नर-मिलर पुष्कळ आहेत, फाउंड्रीची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. माल परत येतो तो बहुतेक वेळा तपासणीत आणि कागदात.

तो कसा परत येतो, हे मुलीलाच वाचायला द्या. ड्रॉइंगवर भोकाच्या पोझिशनची, म्हणजे जागेची, सूट ०.१ मिलिमीटर दिलेली असते. शॉपमधला माणूस कडेपासून मोजतो. एका दिशेला ०.०४ चूक, दुसऱ्या दिशेला ०.०४. दोन्ही ०.०५ च्या आत, म्हणून तो ओके लिहितो. पण पोझिशन हा ०.१ व्यासाचा गोल झोन असतो. दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले दोन: उत्तर ०.११३. भाग रिजेक्ट. शिवाय मोजायचं असतं ड्रॉइंगवर दिलेल्या डेटमपासून (मोजमापाच्या ठरवून दिलेल्या आधारापासून), हाताला सोयीच्या कडेपासून नाही. मुलाखतीत हे गणित विचारलं आणि तिनं कागदावर करून दाखवलं, तर टक्केवारी कुणी विचारणार नाही.

दुसरं कारण हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं आहे तो क्रमांक. ईएन २४ या मिश्र पोलादाच्या बारचे दोन वेगळे हीट, दोन्हींची सर्टिफिकेटं बरोबर, दोन्हींची हार्डनेस मर्यादेत. पण कापताना तुकडे एकाच ट्रॉलीत पडले आणि पंच मारलेला नाही. आता कुठला तुकडा कुठल्या सर्टिफिकेटचा, हे सांगता येत नाही, म्हणून चांगला माल असूनही अख्खा लॉट बाद. तिसरं, मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली. त्या दिवसानंतरची सगळी मोजमापं शंकास्पद ठरतात. चौथं, मशिनवर लावलेलं ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं. आणि पाचवं सगळ्यांत वाईट, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. जास्त ताकदीच्या पोलादाच्या बोल्टला झिंक किंवा कॅडमियम प्लेटिंग केलं की हायड्रोजन आत शिरतो. प्लेटिंगनंतर सहसा ४ तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर भट्टीत घालून तो काढावा लागतो, ठरवून दिलेल्या तासांपर्यंत. प्लेटिंगवाल्यानं संध्याकाळी माल काढला आणि भट्टीत सकाळी घातला, तर बोल्ट दिसायला झकास, मापात अचूक, आणि लोड आल्यावर काही तासांनी वा दिवसांनी आपोआप तुटतो. चांगला इन्स्पेक्टर म्हणून प्लेटिंगची जाडी तर बघतोच, पण भट्टीचा चार्ट आणि त्यावरची वेळ आधी मागतो.

या प्रत्येक चुकीचा शेवट पैशांत होतो. सरकारी तपासणी यंत्रणेची, म्हणजे डीजीक्यूएची, इन्स्पेक्शन नोट मिळाल्याशिवाय बिल हलत नाही. उशीर झाला तर करारानुसार दंड, बऱ्याच करारांत आठवड्याला अर्धा टक्का, कमाल १० टक्के. मापातून थोडा बाहेर गेलेला भाग चालवून घ्यायची परवानगी दारात आलेला इन्स्पेक्टर स्वतःच्या मर्जीनं देऊ शकत नाही. ती डिझाइनवर अधिकार असलेल्या संस्थेकडून लेखी यावी लागते आणि तिला महिने लागतात. मालकाला हे माहीत असतं. म्हणून कागद नीट ठेवणाऱ्या मुलीला तो सहजासहजी सोडत नाही.

आता कुपवाडची नोकरी. १४ हजार कमी आहेत, पण पगारावरून ठरवू नका, मुलीला एक दिवस शॉप बघायला पाठवा. तिनं विचारावं, की एकूण कामात डिफेन्सचा वाटा किती (निम्म्याच्या वर असेल तर जपून), ऑर्डर थेट आहे की दुसऱ्याच्या नावावरचं जॉबवर्क, सीएमएम (तिन्ही दिशांनी अचूक मोजणारं मशिन) स्वतःचं आहे का आणि ते चालवायला तिला मिळेल का, फर्स्ट आर्टिकलचा, म्हणजे पहिल्या नमुन्याचा, रिपोर्ट कोण तयार करतं. शेवटचं महत्त्वाचं. या रिपोर्टात ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला क्रमांक देऊन समोर प्रत्यक्ष मोजमाप लिहायचं असतं. ६०-७० क्रमांक सहज होतात. असे डझनभर रिपोर्ट स्वतः केलेली मुलगी चाकणला कुठंही उभी राहील. पण जिथं तिला फक्त ‘गो–नो गो’ गेज घालून ढीग वेगळे करायला बसवणार असतील, तिथं वर्ष वाया जाईल. आणि कुणी न मोजता आकडे भरून सही करायला सांगितलं, तर तिथं दुसऱ्या दिवशी जाऊ नये. सही तिची असते.

पण थांबा, त्याआधी क्रम बघा. बहुतेक पालक इथंच चुकतात. डिप्लोमानंतरची एक वर्षाची टेक्निशियन अप्रेंटिसशिप एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवरून मिळते. डीआरडीओच्या प्रयोगशाळा, दारूगोळा कारखाने, एचएएल अशांच्या जाहिराती तिथं येतात. त्या जाहिरातींत एक ओळ नेहमी असते: डिप्लोमानंतर एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा वा प्रशिक्षणाचा अनुभव असलेले अपात्र. म्हणजे कुपवाडला दीड वर्ष काम करून मग एआरडीईत अप्रेंटिस होऊ म्हटलं, तर दार बंद. उलट क्रम चालतो: आधी अप्रेंटिसशिप, मग नोकरी. निकालानंतर लगेच नोंदणी करा, पाषाणची एआरडीई, सुतारवाडीची एचईएमआरएल, दिघीची आर अँड डीई आणि नगरची व्हीआरडीई या चारही ठिकाणच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. मधल्या काळात कुपवाडला जायला हरकत नाही, वर्ष पूर्ण होण्याआधी निर्णय झाला म्हणजे झालं. अप्रेंटिसशिप म्हणजे कायम नोकरीची हमी नाही. जाहिरातीत तेही लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं.

दारूगोळा कारखान्यांबद्दल तुमच्या मनात जुनं चित्र आहे: एकदा चिकटलं की निवृत्तीपर्यंत. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं आणि ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा हे म्युनिशन्स इंडियाकडे गेले, तिचं मुख्यालय पुण्यात. आता या कंपन्यांना ऑर्डर मिळवावी लागते, आणि कामगारांची भरती बऱ्याच ठिकाणी ठराविक मुदतीची होते. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ हे पद त्यातलंच, तेही मुख्यतः आयटीआयच्या एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटर) ट्रेडच्या मुलांसाठी. नावातला धोका खरा आहे. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या स्फोटात आठ कामगार गेले. तुमच्या मुलीच्या डिप्लोमाला हा रस्ता लागूही नाही, शेजाऱ्यांनी सुचवला तरी त्यामागे लागू नका.

मामांचं डिग्रीचं म्हणणं चुकीचं नाही. डीआरडीओत शास्त्रज्ञ ‘बी’ व्हायचं तर इंजिनिअरिंगची पदवी प्रथम वर्गात आणि गेटचा चांगला स्कोअर, याला पर्याय नाही. मूळ वेतन ५६,१०० पासून. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांतून होतो. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं आरआयटी, तिन्ही पर्यायांत भरा, पण ७८ टक्क्यांवर वालचंदच्या आशेवर राहू नका. आधी गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या काढून बघा. कुठलंही कॉलेज मिळालं म्हणून घेऊ नका. ज्या कॉलेजात मेट्रॉलॉजी लॅबची मशिनं कव्हरखाली झाकलेली, त्यापेक्षा कुपवाडचं शॉप बरं.

डिग्रीशिवायही डीआरडीओचं एक दार आहे, ते क्लासवाले सांगत नाहीत. सेप्टम या डीआरडीओच्याच भरती केंद्रामार्फत सीनियर टेक्निकल असिस्टंट ‘बी’ची भरती निघते, तिला डिप्लोमा चालतो, मूळ वेतन ३५,४००. जाहिरात दर वर्षी येईलच असं नाही, त्यामुळे तयारी करून ठेवायची. तेवढ्याच वेतनाचं दुसरं पद स्टाफ सिलेक्शनच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षेतून मिळतं. त्यात नौदलाच्या गुणवत्ता तपासणी विभागाच्याही जागा असतात. दोन्हींचा मेकॅनिकलचा अभ्यास बराचसा सारखा, एकाच तयारीत दोन्ही परीक्षा बसतात.

राहिला ९५ हजारांचा क्लास. पैसे देऊ नका. कुठलीही सरकारी भरती क्लासच्या प्रमाणपत्रावर होत नाही आणि खासगी कंपनीला त्या नावाच्या कोर्सची गरज नाही. त्या पैशांच्या लहानशा भागात एनडीटीचं, म्हणजे भाग न तोडता आतले दोष शोधण्याचं, रीतसर प्रशिक्षण होतं. प्रचलित अमेरिकी पद्धतीत अल्ट्रासॉनिकला (ध्वनिलहरींच्या तपासणीला) लेव्हल १ साठी ४० तास आणि लेव्हल २ साठी आणखी ४०, पेनिट्रंटला (रंगद्रवानं भेगा शोधण्याला) त्याहून बरेच कमी. मात्र एक खाच आहे: या पद्धतीत प्रमाणित करण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. क्लासचा कागद म्हणजे प्रशिक्षण झालं एवढंच. ठरलेल्या तासांचा प्रत्यक्ष अनुभव, डोळ्यांची तपासणी आणि कंपनीची लेखी अधिकृती नसेल तर ती रिपोर्टवर सही करू शकत नाही. म्हणून आधी जागा, मग एनडीटी, शक्यतो मालकाच्या खर्चानं. आत्ता तिनं घरी बसून दोन गोष्टी कराव्यात: जीडी अँड टीची, म्हणजे ड्रॉइंगवर आकार-जागेची सूट दाखवणारी, चिन्हं पक्की, आणि कॉलेजच्या लॅबमधल्या एकाच भागाचा पूर्ण तपासणी रिपोर्ट स्वतः तयार करून फाइलला लावायचा. मुलाखतीला तोच न्यायचा.

एनएटीएसच्या नोंदणीआधी या आठवड्यात एवढं तपासा, की मार्कशीट, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का, खातं आधारशी जोडलेलं आहे का. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही पडताळणी अडकते, आणि आधारमधली दुरुस्ती व्हायला वेळ जातो. जाहिरातीची मुदत तोवर थांबत नाही.