मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर ६ मिमीची गाठ आहे, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) १४०. रोजची डोकेदुखी त्यामुळेच का? लग्न ठरतंय, आई म्हणते कुणाला सांगू नकोस.

डोकेदुखीचं आधी सांगते. गाठीमुळे डोकं दुखूच शकत नाही असं नाही, पण ६ मिमीची गाठ तिथे फारशी जागा अडवत नाही. तिचा त्रास असतो तो हार्मोनचा: पाळी लांबते किंवा बंद होते, छातीतून दूध येतं, दिवस राहत नाहीत. तेव्हा मायग्रेन, चष्म्याचा नंबर, झोप हे नीट तपासून घ्या. प्रत्येक ठणक्याला गाठ आठवायला लागलात तर जगणं कठीण होईल.

पण तुमच्या आईचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

लग्नाला वर्ष झालं आणि माझी पाळी बंद झाली. घरात सगळे खूश. तपासणीत दिवस नाहीत असं निघालं, आणि पुढच्या महिन्यात ब्लाउज ओला व्हायला लागला. मूल नाही आणि दूध येतंय म्हटल्यावर नणंदेनं कुठूनसा अंगारा आणला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड लिहून दिलं. पित्ताच्या कुठल्या गोळ्या घेता, हेही विचारलं. डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं, आणि आपल्याकडे त्या सर्रास घेतल्या जातात. मी घेत नव्हते. मग एमआरआय झाला, गाठ दिसली.

रिपोर्ट घरी आला तेव्हा माझे बाबा आलेले होते. नणंद त्यांच्यासमोर म्हणाली, "माहेरहूनच घेऊन आली, लपवून दिली आम्हाला." बाबा जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि उठले.

काय लपवलं होतं? लग्नापर्यंत माझी पाळी महिन्याच्या महिन्याला येत होती. ही गाठ केव्हा सुरू झाली ते कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. शवविच्छेदनांत साधारण दहातल्या एका माणसाच्या पिट्युटरीत अशी बारीक गाठ सापडते आणि त्यातल्या बहुतेकांना ती जन्मभर कळलेलीही नसते. माझ्या नणंदेला असू शकते, तुमच्या होणाऱ्या सासूबाईंनाही असू शकते.

मला कॅबरगोलिन दिलं. आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी, रात्री जेवणानंतर. सुरुवातीला मळमळायचं, उठताना गरगरायचं, मग अंगवळणी पडलं. काही महिन्यांत पाळी सुरू झाली, गाठ आकसली, मुलगी झाली. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांनी गोळी थांबवली होती. बारशाला आत्या म्हणून नाव कानात सांगितलं ते त्याच नणंदेनं. ते वाक्य मात्र तिनं आजतागायत मागे घेतलेलं नाही.

म्हणून सांगते, लपवू नका. मुलाला स्वतः सांगा, तेही साखरपुड्याच्या आधी. रिपोर्ट दाखवा, हवं तर त्याला तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, घेऊन जा. गोळीनं आटोक्यात येणारी, कॅन्सर नसलेली गाठ ऐकून जे घर मागे हटेल, ते पहिल्या आजारपणातही तुमच्या मागे उभं राहणार नाही. उद्या कुणी तुमच्या वडिलांना ताटावरून उठवू नये, एवढ्यासाठी तरी सांगा.

ऑपरेशनची घाई कुणी करत असेल तर दुसरा सल्ला घ्या. प्रोलॅक्टिनच्या गाठीला सहसा पहिला उपाय गोळीच असतो. अर्थात मी डॉक्टर नाही, तुमची गाठ वेगळी असू शकते. बाजूचं दिसेनासं झालं, रस्ता ओलांडताना कडेची गाडी लक्षात येईना, तर नजरेची फील्ड तपासणी लगेच करा. गोळी सुरू झाल्यावर स्वभाव बदलला, अवाजवी खर्च व्हायला लागला, तर डॉक्टरांना सांगा. क्वचित कुणाला होतं तसं. आणि अचानक कधी न दुखल्यासारखं डोकं दुखलं, सोबत उलटी किंवा अंधुक दिसणं असेल, तर सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.