क्लोरीनच्या टनरजवळचे पहिले दिवस

जलशुद्धीकरण केंद्रावर नव्याने रुजू झाल्यावर ९०० किलो क्लोरीनच्या टनरची (द्रवरूप क्लोरीन भरलेल्या मोठ्या पोलादी सिलिंडरची) धास्ती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. सुरुवातीच्या तीन-चार गोष्टी अंगवळणी पडल्या की हे काम तुम्हाला नक्की जमेल.

ट्रक आला की चालकाकडील ट्रेमकार्ड (वाहतुकीतील अपघातासाठीच्या आपत्कालीन सूचनांचे कार्ड) पाहा, झडपांवर हूड (संरक्षक टोपण) घट्ट बसला असल्याची खात्री करा आणि टनर क्रेन व लिफ्टिंग बीमनेच उतरवा. जुन्या टायरवर ढकलून उतरवण्याची पद्धत मी पाहिली आहे, तिला स्पष्ट नकार द्या.

टनर आडवा ठेवून दोन्ही झडपा एकाखाली एक येतील असा फिरवा, कारण वरच्या झडपेतून वायू येतो आणि खालच्या झडपेतून द्रव. जोडणीचा शिशाचा वॉशर प्रत्येक वेळी नवाच घाला. वापरलेल्या वॉशरवर दाबाने पडलेली खाच बोटाला जाणवते आणि बारीक गळती तिथूनच सुरू होते. ती शोधताना अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा जवळ धरला की पांढरा धूर दिसतो. मात्र बोळा पितळी भागाला टेकवू नका.

नवख्यांच्या दोन चुका हमखास होतात:

- गळतीवर पाणी मारणे. ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठे होते.
- खाली वाकून पळणे. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून वारा येतो त्या बाजूला, उंचावर जा.

श्वसनयंत्र क्लोरीन खोलीच्या बाहेरच टांगा. गळती थांबवण्याच्या दुरुस्ती किटचा वापर अनुभवी सहकाऱ्यासोबत सराव करून शिका.