जुन्या दाराचं टेबल: आधी भार कुठे पडणार ते पाहा

घराच्या दुरुस्तीत निघालेलं सहा दिलह्यांचं (म्हणजे चौकटीच्या खाचेत बसवलेल्या फळ्यांचं) जुनं दार आणि पायाने चालवायच्या शिलाई मशीनचं बिडाचं स्टँड, अशा दोन वस्तू तुमच्या हाती लागल्या आहेत. दाराचा सगळा रंग मशीनने घासून काढायचा, ते स्टँडवर आडवं टाकायचं, वरून पॉलीयुरेथेनचं चकचकीत वॉर्निश मारायचं आणि सहा जणांचं जेवणाचं टेबल करायचं, असा तुमचा बेत आहे. यात काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. टेबल जरूर करा, त्या दाराचं फार सुंदर टेबल होईल. पण घासायचं मशीन तूर्त बाजूला ठेवा आणि दार त्या स्टँडवर टाकू नका. गेली १८ वर्षं मी हेच काम करते आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

पहिली गोष्ट रंगाची. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, कित्येक देशांत ती त्याच्याही बरीच नंतर आली. असा रंग कोरडा घासला की त्याची पिठासारखी धूळ होते. ती श्वासातून आत जाते आणि जमिनीवर बसते, तिथून रांगत्या मुलांच्या हातातोंडात जाते. शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने मानलेलं नाही. म्हणून आधी तपासणी. रंगाची खपली प्रयोगशाळेत देता आली तर उत्तम, नाहीतर निदान शिसं तपासायचं किट वापरा. मात्र ते फक्त वरच्या थरावर लावून थांबू नका. धोका बहुतेक वेळा खालच्या थरात असतो.

तो खालचा थर पाहायचा कसा? दाराच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, तीन सेंटिमीटरचा चौकोन आखून घ्या. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर घेऊन कडेपासून मध्याकडे हळूहळू उतरत जा. मी गेल्या वेळी एका दारावर हे केलं तेव्हा वर पिवळट पांढरा, त्याखाली शेवाळी हिरवा, मग फिकट निळा, मग विटकरी अस्तर आणि अगदी मधोमध नखाएवढं मधाळ लाकूड, अशी एकात एक कडी दिसली. निळा थर सगळ्यांत जाड होता आणि किटचा रंग तिथेच बदलला. तो चौकोन पाहिल्यावर मी रंग काढायचा विचारच सोडला. सुटलेल्या खपल्या ओल्या करून पात्याने काढल्या, दार ओल्या फडक्याने पुसलं आणि त्यावर पारदर्शक लेप देऊन सगळे थर जागच्या जागी बंद केले. वर काच येणार होती, म्हणून हे चाललं. ज्या पृष्ठभागावर उघडं अन्न ठेवायचं, तिथे हा मार्ग धरू नका. रंग काढायचाच ठरला तर जेलसारखं रंग काढायचं रसायन वापरा आणि मोकळ्या हवेत काम करा. खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क लावा. ज्योत किंवा खूप तापवणारी हीटगन नको, कारण त्यात शिशाची वाफ होते. शेवटी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

दुसरी गोष्ट किडीची. आत कीड आहे की नाही ते कळेपर्यंत दार घरातल्या इतर लाकडापासून दूर ठेवा. त्यावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांची असतात. भोकं असणं म्हणजे भुंगे जिवंत असणं नव्हे. दाराखाली काळा कागद पसरून दोन-तीन आठवडे थांबा. कागदावर ताज्या, फिकट भुग्याचे छोटे ढीग पडले तर आत काम चालू आहे असं समजा. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण उपयोगी पडतं, पण फक्त उघड्या लाकडावर. रंगातून ते आत झिरपत नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं पोचलं तर भुंगे आणि त्यांच्या अळ्या मरतात. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या लाकडी खोक्यांनाही हाच नियम आहे. लाकूड वाळवायची भट्टी जवळपास असेल तर दार तिथे देता येईल.

आता मुख्य मुद्दा. कुठलीही जुनी वस्तू हाती आली की मी एकच प्रश्न आधी विचारते: हिने आजवर भार कसा पेलला? दार आयुष्यभर बिजागऱ्यांवर उभं लटकलेलं असतं. भार पेलतात त्या कडेच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यात कुसू (खोबणीत बसणारं टोक) घालून बसवलेल्या आडव्या पट्ट्या. दिलहे काहीच पेलत नाहीत. ते खाचेत नुसते सरकवलेले असतात, आणि चांगल्या सुताराने ते मुद्दाम डिंकाविना सोडलेले असतात. लाकूड हवेतला दमटपणा घेऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. धाग्याच्या लांबीत हा फरक नगण्य असतो, पण रुंदीत चांगला जाणवतो. नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या भरीव फळीत तो काही मिलिमीटर सहज भरतो. दिलह्याभोवतीची ती बारीक फट म्हणजे त्याला हलायला ठेवलेली जागा आहे.

हे मी नुकसान सोसून शिकले. माझ्या पहिल्या दाराच्या टेबलात फटींमध्ये कचरा अडकतो म्हणून मी त्या सगळ्या डिंक आणि भुशाने घट्ट बुजवल्या होत्या. दमट हवेत काही झालं नाही. हवा कोरडी झाली आणि एका रात्री काठी मोडल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहते तर मधला दिलहा वरपासून खालपर्यंत चिरलेला. त्या दाराला कित्येक दशकांत जे झालं नव्हतं, ते माझ्या हातून एका वर्षात झालं, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा फटी बुजवू नका. चौकटीवर काच टाका.

काचेचं गणित आधी करून घ्या. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला साधारण अडीच किलो असतं. दार दोन मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असेल तर ८ मिलिमीटरची काच ३६ किलोंची होते. ती टफन्डच, म्हणजे तापवून कडक केलेलीच हवी. फुटली तर तिचे बोथट, बारीक तुकडे होतात, लांब सुरे होत नाहीत. पण टफन्ड झाल्यावर काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून कोपरे गोल करून आणि कडा घासून घ्यायचं माप आधीच पक्कं करा. काच थेट लाकडावर टेकवू नका, चौकटीवर ठिकठिकाणी पारदर्शक रबरी टिकल्या लावा. हवा खेळती राहते आणि सांडलेलं पाणी खाली अडकून डाग पडत नाही.

आता त्या स्टँडबद्दल. दार आणि काच मिळून ७० किलोंच्या आसपास वजन होणार. मशीनच्या स्टँडचे पाय अरुंद जागेत उभे असतात, त्यामुळे दाराची दोन्ही टोकं अर्धा-पाऊण मीटर अधांतरी राहतील. एखाद्याने टोकावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला की सगळं कलंडू शकतं. शिवाय बीड दाबाला मजबूत पण ताणाला कच्चं असतं. लोखंडासारखं ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतं. तडकलं की साध्या वेल्डिंगने सांधत नाही. निकेलचा रॉड, आधी तापवणं, मग सावकाश थंड करणं, एवढं सगळं जमवावं लागतं.

दाराला टोकांपासून ३०-३५ सेंटिमीटर आत दोन मजबूत लाकडी घोडे, म्हणजे वर आडवी पट्टी असलेले पायांचे आधार द्या. घोड्याची वरची पट्टी दाराच्या पूर्ण रुंदीत जाऊ द्या, म्हणजे भार दोन्ही उभ्या पट्ट्यांवर पडेल. दिलह्यांवर काहीच येणार नाही. दाराची मधली आडवी पट्टी कमजोर वाटली तर घोड्यांना जोडणारा एक दांडा खालून लांबीत द्या. दार घोड्यांना जोडताना स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि वॉशर लावा, म्हणजे लाकडाला सरकायला वाव राहतो.

उंची वस्तूवरून ठरवू नका, माणसावरून ठरवा. जेवणाच्या टेबलाचा वरचा भाग जमिनीपासून ७५ सेंटिमीटरच्या आसपास असावा आणि खुर्चीची बैठक ४५ ला. या दोन्हींत २८ ते ३० सेंटिमीटर अंतर राहिलं की मांड्या अडत नाहीत आणि कोपर उचलावे लागत नाहीत. दार चार सेंटिमीटर जाड आणि काच जवळजवळ एक सेंटिमीटर धरली तर घोडे ७० सेंटिमीटरचे येतील. प्रत्येक माणसाला ६० सेंटिमीटर जागा लागते. दोन मीटरच्या दाराला एका बाजूला तीन खुर्च्या बसतात, म्हणजे तुमचे सहा जण आरामात. फक्त घोड्याचे पाय कुणाच्या गुडघ्यासमोर येत नाहीत ना, ते खऱ्या खुर्च्या मांडून पाहा.

स्टँडचं वेगळं काहीतरी करा. त्याने आयुष्यभर एक मशीन आणि त्यावर ओणवलेलं एक माणूस पेललंय, तेवढंच त्याला द्या. मीटरभर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद फळी टाकून खिडकीजवळचं लिहायचं टेबल झकास होतं. फळी बसवायला मशीनच्या लाकडी पाटाची मूळ स्क्रूची भोकं वापरा, बिडात नवीन भोक पाडू नका. गंज पितळी ब्रश आणि थोड्या रॉकेलने काढा, मग मेण चोळा. नावाची उठावदार अक्षरं सँडपेपरने घासू नका. घरात मुलं असतील तर पायडल आणि चाकाला जोडणारा दांडा सोडवून जपून ठेवा, चाकात बोट सापडतं.

पॉलीयुरेथेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काचेखालच्या दाराला ते लागत नाही. पुढे कधी रंगाऐवजी पॉलिश असलेली जुनी वस्तू हाती आली, तर घासायच्या आधी, आहे ते पॉलिश कोणतं हे पाहा. लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा लावा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. लाखेची गंमत अशी की नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. चरा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्ती होते. पॉलीयुरेथेन एकदा चढलं की पुढच्या दुरुस्तीला सगळं खरवडावं लागतं.

घोड्यांना जवसाचं तेल लावणार असाल तर हे नीट वाचा. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेल्या फडक्यात ती साठून ठिणगीशिवाय आग लागते. फडकी बाहेर एकेरी पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. दमलेले असलात तरी हे झाल्यावरच हात धुवा.

टेजो रेमी या डच डिझायनरने १९९१ साली जुने, वेगवेगळ्या घरांतले ड्रॉवर गोळा केले. प्रत्येकाला नवी लाकडी पेटी केली आणि सगळ्या पेट्या एका पट्ट्याने आवळून बांधल्या. ड्रॉवर ड्रॉवरच राहिले, त्यांचे रंग आणि मुठी होत्या तशाच. भार नव्या पेट्यांनी घेतला. तुमच्या दारालाही मला हेच सुचवायचंय. बिजागरीच्या खाचा, कडीची भोकं, कुलपाभोवती झिजलेली जागा, सगळं तसंच ठेवा. ओझं घोड्यांना उचलू द्या.

अशा वस्तू तुम्ही पुढेही गोळा करणार असं दिसतंय, म्हणून थोडं आणखी. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घरात आणू नका, त्यांत मुरलेलं क्रिओसोट हे लाकूड टिकवायचं तेल विषारी असतं. मालाच्या पॅलेटवर एचटी शिक्का असेल तर ती उष्णतेने प्रक्रिया केलेली असते, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. एमबीची सोडून द्या. जुन्या दिव्याची वायर चांगली दिसली तरी पूर्ण बदला, आणि दिवा धातूचा असेल तर अर्थिंग हवंच. अंधारात चमकणाऱ्या तबकडीची फार जुनी घड्याळं उघडू नका, त्यांत रेडियमचा रंग असू शकतो.

दाराची जाडी, उभ्या पट्ट्यांची रुंदी आणि मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा. त्यावरून घोड्यांची मापं काढून देते.