वळणावर बंद पडणारी गाडी आणि आरपीएमचा काटा

प्रश्न : माझी 2008 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची. 1,10,000 किलोमीटर झालेत. सरळ रस्त्यावर तक्रार नाही, पण हळू वळवताना बंद पडते. सोसायटीच्या गेटात, पार्किंगमध्ये, आणि कुंभार्ली घाट उतरताना तीव्र वळणावर क्लच दाबला की. एसी चालू असला की जास्त. आधी आरपीएमचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा थरथरतो, मग खाली जातो आणि बॅटरीचा व ऑइलचा लाल दिवा लागतो. लगेच स्टार्टर मारला की चालू होते. प्लग, पेट्रोल फिल्टर आणि टाकीतला पंप बदलून झाला, नऊ हजार गेले. आता गॅरेजवाले म्हणतात इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बदला. मागच्या सीटवर माझी आई असते, मला भीती वाटते.
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, इसीयूला आत्ता कुणालाही हात लावू देऊ नका. काटा थरथरून मग खाली जातो, हे तुम्ही लिहिलंत आणि माझं निम्मं काम झालं. कराडला एकतीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण हे सांगणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच भेटतं.

इंजिन दोन तऱ्हांनी बंद पडतं. एक, करंट तुटतो. मग गाडी अजून चालत असताना काटा फटकन शून्यावर येतो, आधी थरथर वगैरे काही नाही. वळणावर असं झालं तर मी इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर बघतो, वायरिंग कुठे ताणलं जातंय का बघतो, आणि किल्लीचा जुडगाही बघतो. झिजलेल्या इग्निशन स्विचमध्ये घराच्या, कपाटाच्या, शाळेच्या चाव्यांचं वजन लोंबत असेल तर हिसक्याने स्विच सरकतो आणि डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा जातात. ही गोष्ट लहान समजू नका. 2014 साली जनरल मोटर्सला अमेरिकेत अशाच दोषासाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. चालत्या गाडीत स्विच सरकायचा, इंजिन बंद व्हायचं आणि अपघातात एअरबॅगही उघडायच्या नाहीत.

दुसरी तऱ्हा म्हणजे इंजिनाचा दम तुटतो. आधी धडपड, मग लाल दिवे. तुमची गाडी या जातीतली दिसते.

वळणावर काय काय एकत्र येतं बघा. पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, क्लच दाबला जातो आणि त्याच वेळी स्टेअरिंग फिरतं. स्टेअरिंगचा पंप इंजिनाच्याच बेल्टवर चालतो, चाकं पूर्ण वळली की त्यातला दाब चढतो आणि पंप इंजिनाला ओढायला लागतो. वर एसीचा कॉम्प्रेसर. आठशेच्या आसपास फिरणाऱ्या इंजिनाला तेवढं ओझं पुष्कळ झालं. अशा वेळी इसीयूने आयडल व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनाला हवा देणारी झडप) जास्त उघडून जादा हवा द्यायची असते. व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा जायचं तोंड, काळ्या कार्बनने भरली असेल तर हुकूम सुटतो, हवा मात्र पोचत नाही. घाटातही तेच. दोन हजारांवर फिरणाऱ्या इंजिनाचा क्लच दाबला की काटा धाडकन उतरतो आणि त्याला आयडलवर झेलणारं कुणी नसतं.

आता घरीच एवढं करून बघा. गाडी गरम करा, सपाट जागी हँडब्रेक, न्यूट्रल, एसी बंद. काटा कुठे आहे लिहून ठेवा. स्टेअरिंग सावकाश एका टोकाला न्या, मग दुसऱ्या. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंपाचं ऑइल तापतं. काटा किंचित दबून परत वर आला तर ठीक. दबून तिथेच कुथत राहिला किंवा गाडी बंद पडली तर दोष हवेच्या वाटेत किंवा स्टेअरिंगचं ओझं आलं हे इसीयूला कळवणाऱ्या प्रेशर स्विचमध्ये. मग स्टेअरिंग सरळ ठेवून नुसता एसी लावा. तेव्हाही काटा तसाच बसला तर दोष प्रेशर स्विचचा नाही, थ्रॉटल बॉडीच साफ करायची. एसी नीट पेलला आणि स्टेअरिंगलाच दम तुटला, तर मेकॅनिकला स्कॅनर लावून स्टेअरिंग फिरवताना त्या स्विचची नोंद बदलते का ते बघायला सांगा. त्याचा कनेक्टर ऑइलने भिजून खराब झालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय.

उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चालत्या गाडीत एकाच बाजूच्या वळणाला बंद पडत असेल, तर टाकीत पेट्रोल किती असतं ते बघा. कमी पेट्रोल वळणात एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. काटा आपोआप वर-खाली होत असेल तर गाडी कुठेतरी एअर घेतेय, व्हॅक्यूमचे पाइप तपासायचे.

माझा अंदाज थ्रॉटल बॉडीचा आहे. क्लीनरचा डबा काही शे रुपयांना मिळतो. ती खोलून, आयडल व्हॉल्व्हसकट साफ करायला सांगा, वरवर फवारा मारून नव्हे. नंतर इसीयूला नवं आयडल शिकू द्यावं लागतं, ते झालं का विचारा. काही जण स्क्रू पिळून स्लो, म्हणजे आयडलचा वेग, वाढवून देतात. ते करू देऊ नका, आजार झाकला जातो आणि घाटात परत उपटतो.

हे होईपर्यंत आईंना घेऊन घाट उतरू नका. एकटीने जावंच लागलं तर वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि वळण संपेपर्यंत दाबू नका. चाकंच इंजिन फिरवत ठेवतात. तरी बंद पडलीच तर किल्ली काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होईल. स्टेअरिंग जड लागेल, दोन्ही हातांनी ओढा. ब्रेक एकदाच दाबून धरा. सोड-दाब केलीत तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

साफ केल्यानंतर एसी लावून, स्टेअरिंग टोकाला नेऊन काटा कुठे थांबतो तो आकडा मला कळवा.