पडद्यावरच्या त्या माणसालाही हीच भीती असते

समुपदेशक म्हणून गेली काही वर्षं एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. "सर, माझं लवकर होतं. त्या व्हिडिओंत तर अर्धा-अर्धा तास चालतं." सांगणारा कधी इंजिनिअर असतो, कधी दूध संघातला कामगार, कधी लग्नाला दोन महिने उरलेला नवरामुलगा. बोलताना नजर मात्र सगळ्यांचीच टेबलावर. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते आणि शरीरसंबंधांविषयीच्या शंकांना उघडपणे उत्तरं देत होते. एवढ्या वर्षांनंतरही आपल्याकडच्या तरुणाला या विषयातला पहिला गुरू म्हणून अश्लील व्हिडिओच मिळावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून नितीनची गोष्ट सांगतो. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, त्याची परवानगी घेतली आहे.)

नितीन सत्तावीस वर्षांचा. लग्नाला आठ महिने झालेले. धंदा लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचा. पहिल्या भेटीतच त्याने खिशातून ताठरतेच्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. मित्राने मेडिकलमधून आणून दिलेली. गेले तीन महिने तो बायकोला टाळत होता. रात्री "एक्स्पोर्टला लावलंय" म्हणून कॉम्प्युटरसमोर बसून राहायचा.

मी विचारलं, "साधारण किती वेळ टिकतं?"

"चार-पाच मिनिटं. फार तर."

"मग आजार कुठला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला सांगितलं, की 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या 500 जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून नोंदी ठेवल्या होत्या. मध्यावरचा आकडा, म्हणजे निम्मी जोडपी ज्याच्या खाली आणि निम्मी वर, तो निघाला 5.4 मिनिटं. मला वाटलं, आता याच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. पण तो म्हणाला, "आकडे असतील सर. पण ती माणसं करतात ना? डोळ्यांनी दिसतंय ना?"

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारा माणूस. ती मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, आमचे अल्बर्ट एलिस, सुरुवातीला लैंगिक आणि वैवाहिक समस्यांवरच सल्ला देत, आणि माणूस घटनेने नाही तर तिच्याविषयीच्या स्वतःच्या समजुतीने अस्वस्थ होतो, हे त्यांचं मुख्य सांगणं. समजूत मोडायची तर पुरावा लागतो. पण तो पुरावा समोरच्याच्या भाषेत असावा लागतो, हे मी नितीनकडून शिकलो. जोडप्यांचे आकडे ही माझी भाषा होती. त्याची भाषा होती कट.

म्हणून त्याला एक गृहपाठ दिला. हा मी सरसकट सगळ्यांना देत नाही. "तुला सगळ्यात जास्त छळणारा जो व्हिडिओ आहे, तो एकदाच बघ. पण दुसऱ्या कुणी एडिट केलेलं काम तपासायला आलंय असं समजून बघ. वही घेऊन बस."

पुढच्या आठवड्यात तो वही घेऊनच आला. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाला, "सर, ऊन!"

"काय?"

"सुरुवातीला खिडकीतलं ऊन उशीवर आहे. शेवटी ते समोरच्या भिंतीवर चढलंय. बावीस मिनिटांचा व्हिडिओ आहे, पण शूट तीन-चार तास तरी चाललंय. एकतीस कट मोजले मी. एका ठिकाणी तर चादर बदललीय!" मग थोडं थांबून म्हणाला, "मी दोन दिवसांच्या लग्नाचा तीन मिनिटांचा टीझर काढतो. त्यात कुणी घामाघूम दिसत नाही, कुणाचं भांडण दिसत नाही. आणि मीच हे खरं धरून बसलो?"

असे क्षण वर्षातून फार थोडे येतात. मी काहीच बोललो नाही. त्याचं त्यालाच सापडलं होतं.

पण गाडी तिथे थांबली नाही. दोन मिनिटांत चेहरा लाल झाला. "म्हणजे फसवणूक आहे सगळी. ती माणसंच तसली." मला हे बोलणं खटकलं. ज्याला देव केलं होतं त्याला आता हा राक्षस करत होता, आणि दोन्हीकडे माणूस दिसतच नव्हता. त्या दिवशी तासभर मी त्याला या कामाविषयीच सांगत बसलो.

अमेरिकेतला हा धंदा मुख्यतः लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात वाढला. 1988 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असं चित्रीकरण म्हणजे वेश्याव्यवसाय नव्हे, असा निकाल दिला आणि त्याला तिथे कायद्याचा आधार मिळाला. कलाकाराला साधारणपणे सीनमागे पैसे मिळतात. पुढे तो व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिला गेला, तरी सहसा त्यातला छदाम त्याच्याकडे येत नाही. मिया खलिफा 2014-15 मध्ये जेमतेम तीन महिने या धंद्यात होती. आपली एकूण कमाई सुमारे 12,000 डॉलर झाली, असं तिनेच 2019 मध्ये सांगितलं. नाव मात्र जन्माला चिकटलं. 2004 मध्ये एका नटाच्या नेहमीच्या तपासणीत एचआयव्ही आढळला आणि बऱ्याच कंपन्यांनी चित्रीकरण थांबवलं. आता तिथे दर चौदा दिवसांनी रक्त-लघवी तपासण्याची पद्धत आहे. कलाकारांच्या तपासणीचं पहिलं मोठं केंद्र 1998 मध्ये उभारलं ते शॅरन मिचेल हिने. ती स्वतः याच धंद्यातली, हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडलेली. आणि सनी लिओनी तर आपल्याला 'बिग बॉस'मुळे घरोघरी माहीत. तिने 2017 मध्ये आपल्या लातूरमधल्या एका मुलीला दत्तक घेतलं, हे सांगितल्यावर नितीन एकदम गप्प झाला.

मग त्याने हळूच विचारलं, "आणि पुरुष? त्यांना कधी... होत नाही असं होतं का?"

सगळं इथेच दडलेलं होतं. मी म्हणालो, "त्यांची सगळ्यात मोठी भीती तीच. डोक्यावर दिवे, भोवती चार अनोळखी माणसं, आणि 'हं, आता' म्हटलं की शरीराने ऐकायला हवं. नाही ऐकलं तर उद्याचं काम जातं. म्हणून कितीतरी जण गोळ्या घेतात, काही लिंगात इंजेक्शन टोचून घेतात. तुझ्या खिशातली पट्टी आणि त्याच्या बॅगेतली पट्टी एकच. त्याला त्या भीतीचे पैसे मिळतात. तू स्वतःच्या घरात ती फुकट वागवतोयस."

नितीन बराच वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिला. "म्हणजे मी घरी ड्यूटीवर जातो," तो म्हणाला.

यापेक्षा नेमका शब्द मला वीस वर्षांत सुचला नव्हता. आता मी तो सर्रास वापरतो. घरी कुणी दिवे लावून बसलेलं नाही, बायको परीक्षक नाही. मध्ये थांबता येतं, हसता येतं, "आज नको" म्हणता येतं. हे एकदा आत उतरलं की मिनिटं मोजायची सवय आपोआप सुटते.

गोळ्यांबद्दल मात्र मी कडक आहे. डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. छातीत दुखण्यावर नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्यांनी रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर लाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पहिल्यापासून एका मिनिटाच्या आतच होत असेल किंवा सकाळची ताठरताही गेली असेल, तर आधी डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब तपासून घ्या. तिथे माझ्या गप्पा पुरणार नाहीत.

शेवटच्या भेटीला नितीन बायकोला घेऊन आला. तिला इतके महिने वाटत होतं, की आपण याला आवडतच नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "हे मला का नाही सांगितलंस?"

"तू हसशील म्हणून."

"मी रोज रात्री रडत होते," ती म्हणाली.

निघताना मी पुढची तारीख विचारली. नितीन मोबाइल काढून म्हणाला, "तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात सर, मग मला श्वास घ्यायला फुरसत नसते." ती म्हणाली, "मग मी एकटी येते. मलाही काही विचारायचंय."