टेलिकॉम कंपनीचा शेअर नेमका कशावर हलतो? ओळखीतले सगळे तिचं सिम सोडून चाललेत, शेअर विकून टाकू का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य आमच्या दाजींनी माझ्याच दुकानात बसून म्हटलंय आणि त्यापायी आमच्या आक्काचे शेअर गेले. रागात लिहालोय, सांभाळून घ्या.

निपाणीत माझं मोबाईलचं दुकान आहे, रिचार्ज, सिम, कव्हर, सगळं. जून 2024 च्या शेवटी जिओनं दर वाढवले, दुसऱ्या दिवशी एअरटेलनं, मागोमाग व्होडाफोन आयडियानं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागू झाले, एअरटेलचा 265 चा पॅक 299 ला गेला आणि 179 चा 199 ला. आणि मग काउंटरवर जी झुंबड उडाली ती रिचार्जची नव्हे, पोर्टची. 'सर, बीएसएनएलला पोर्ट माड्री' म्हणत चिक्कोडीकडची माणसं, 'आमचंबी करा की' म्हणत बेनाडी, गळतग्याची माणसं. 1900 ला मेसेज टाकायचा, आठ अक्षरांचा कोड आला की चष्मा कपाळावर चढवून, फोन हातभर लांब धरून तो मला वाचून दाखवायचा, ओ की झिरो यावर भांडण, एक अक्षर चुकलं की परत पहिल्यापासून.

दाजी कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा पीत हे सगळं बघालते. दाजी एका सोसायटीत मॅनेजर होते, त्यामुळं पैशातलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा पक्का समज. म्हणाले, बघितलंस काय, कंपनी रिकामी व्हायला लागली, एअरटेलचे शेअर आजच्या आज काढायला पायजेत. शेअर कुणाचे? आक्काचे. ती शाळेत शिकवते, पगारातून चार-दोन, चार-दोन करत जमवलेले. मी म्हटलं, दाजी थांबा, सोडून जाणारी माणसं कोण आहेत ते तरी बघा. तर म्हणाले, तू रिचार्ज मार, शेअरबाजार तुझा विषय नव्हे.

आता सोडून जाणारे कोण होते ते सांगतो, कारण उत्तराचा मोठा हिस्सा तिथंच आहे. आमच्या सीमाभागात जवळजवळ प्रत्येक खिशात दोन सिम. टेलिकॉम खात्यानं देशाचे 22 सर्कल पाडलेत, आम्ही कर्नाटकात आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र सर्कल. रोमिंगला पैसे लागायचे त्या काळात शेतात उभं राहिलं की फोन कागलकडचा टॉवर पकडायचा आणि स्वतःच्या बांधावर उभा माणूस रोमिंगमध्ये. म्हणून एक सिम इकडचं, एक तिकडचं. रोमिंग गेलं तरी दुसरं सिम सवयीनं राहिलं, कमीत कमी पैशाचं रिचार्ज मारून जिवंत ठेवलेलं. दर वाढल्यावर लोकांनी पोर्ट केलं ते हे दुसरं सिम! पोरगं ज्याच्यावर रील बघतंय, ज्याला फोनपे जोडलंय, ते 299 वालं सिम कुणीही हलवलं नाही. शिव्या घातल्या आणि मारलं रिचार्ज.

म्हणजे कंपनीचं गिऱ्हाईक गेलं ते सगळ्यात कमी देणारं, आणि उरलेला प्रत्येक जण आधीपेक्षा जास्त द्यायला लागला. याला एआरपीयू म्हणतात, एका ग्राहकामागं महिन्याची सरासरी कमाई. टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या ट्रायच्या आकड्यांत जुलै 2024 मध्ये एअरटेलचे जवळपास 17 लाख ग्राहक कमी झाले, जिओचे साडेसात लाखांवर, व्होडाफोन आयडियाचे 14 लाख, आणि बीएसएनएलचे 29 लाख वाढले. दाजींच्या हिशोबानं एअरटेलचा शेअर आपटायला हवा होता. पण कंपनीचं एआरपीयू जूनच्या तिमाहीत 211 होतं ते सप्टेंबरच्या तिमाहीत 233 झालं आणि डिसेंबरच्या तिमाहीत 245. आक्काचे शेअर दाजींनी चौदाशेच्या पुढं विकले, सप्टेंबर संपताना भाव सतराशेला खेळत होता.

वाढलेला रुपया नफ्यात एवढा का दिसतो, तर टॉवरचं भाडं, वीज, डिझेल, स्पेक्ट्रमचा म्हणजे सरकारकडून लिलावात घेतलेल्या लहरींचा हप्ता हे ग्राहकानं 265 दिले काय नि 299 दिले काय, तेवढंच. आपली लाल बस निपाणीहून बेळगावला रिकामी गेली तरी डिझेल तेवढंच पिते, तसं. म्हणून बाजार ग्राहक मोजत बसत नाही, दर कोण वाढवू शकतो आणि वाढवून टिकवू शकतो ते बघतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट, तेव्हा याच धंद्यात गिऱ्हाईक धो धो वाढत होतं आणि जुन्या कंपन्यांच्या शेअरचं वाटोळं होत होतं. तीनच खासगी कंपन्या उरल्यावर डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021 आणि जुलै 2024 अशी दरवाढ झाली, आणि या दरवाढींनीच धंदा पुन्हा पैसे दाखवायला लागला.

मग म्हणाल, दरवाढ तर व्होडाफोन आयडियानंही केली, तिचा शेअर का पडला? हाच खरा प्रश्न. त्याचं उत्तर कोर्टात आणि कर्जात. कंपन्या आपल्या कमाईतला ठराविक टक्का सरकारला लायसन फी म्हणून देतात, आणि कमाई म्हणजे काय यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. कंपन्या म्हणायच्या फक्त टेलिकॉमची कमाई धरा, खातं म्हणायचं व्याज, भाडं सगळं धरा. 24 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टानं खात्याचं म्हणणं मान्य केलं, त्यावर व्याज, दंड आणि दंडावरही व्याज. त्यामुळं व्होडाफोन आयडियानं सप्टेंबर 2019 ला संपलेल्या तिमाहीत 50,921 कोटींचा तोटा दाखवला. एअरटेललाही बिल आलं, पण तिनं 2021 मध्ये 535 रुपयांनी राइट्स काढून, म्हणजे आहेत त्याच शेअरवाल्यांना नवे शेअर देऊन, 21,000 कोटी उभे करायची सोय केली आणि दरवाढीचा फायदा तिच्या पदरात पडला. दुसरीचा देण्यातच गेला. 19 सप्टेंबर 2024 ला देणं नव्यानं मोजा ही कंपन्यांची याचिकाही फेटाळल्याचं कळलं आणि व्होडाफोन आयडियाचा शेअर एका दिवसात वीसेक टक्के खाली. त्या दिवशी कुठला टॉवर बंद पडला नव्हता, कुणाची रेंज गेली नव्हती.

आणि आता दाजींचं नवीन. 2025 मध्ये सरकारनं व्होडाफोन आयडियाकडून येणं असलेल्या स्पेक्ट्रमच्या पैशांपैकी 36,950 कोटींचे शेअर करून घेतले, 10 रुपयांनी एक, आणि सरकारचा हिस्सा 48.99 टक्के झाला. दाजी म्हणतात, सरकारच मालक झालंय, आता कंपनी बुडत नाही, आणि शेअर एवढा स्वस्त, वरच जायचाय. दाजी, कंपनी न बुडणं वेगळं आणि तुम्हाला पैसे मिळणं वेगळं. त्या एका फटक्यात 3,695 कोटी नवे शेअर आले, आता एकूण शेअर दहा हजार कोटींच्या वर आहेत, एअरटेलचे सहाशे कोटींच्या आसपास. वाटेकरी एवढे झाल्यावर एका शेअरच्या वाट्याला काय येणार? दहा रुपयाचा शेअर स्वस्त आणि दोन हजाराचा महाग, हे सोसायटीतल्या माणसानं म्हणावं याचं मला नवल वाटतं. स्वस्त म्हणून घ्यायचं असेल तर आरकॉम आठवा, अनिल अंबानींची पुढं दिवाळखोरीत गेलेली टेलिकॉम कंपनी, 2008 च्या सुरुवातीला आठशेच्या वर होता, तो शंभरला आला तेव्हाही स्वस्तच दिसत होता, पन्नासला त्याहून स्वस्त.

बाकी गोष्टी आहेत त्या भराभर सांगतो. ट्राय दर महिन्याला एकूण ग्राहक आणि खरोखर चालू असलेले ग्राहक असे दोन आकडे देतं, दुसराच बघा, पहिल्यात ड्रॉवरमध्ये पडलेली सिमंही येतात. स्पेक्ट्रमचा लिलाव आला की कोण किती बोली लावतंय ते बघा, 2022 च्या 5जी लिलावात तिघांनी मिळून दीड लाख कोटींच्या आसपास मोजले आणि ते हप्त्यांनी वर्षानुवर्षं फेडायचेत. एअरटेल धरत असाल तर आफ्रिकेतला धंदाही धरा, नायजेरियाचं नाणं घसरलं की इथला नफा हलतो. जिओ 2025 पर्यंत तरी बाजारात वेगळं मिळत नव्हतं, रिलायन्सच्या पोटात होतं, तिथं तेलाचा भावही तुमच्या डोक्याला ताप.

तुम्ही कुठल्या कंपनीचे शेअर घेतलेत ते लिहिलं नाही, त्यामुळं विकू का याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि मी काही सेबीचा सल्लागार नव्हे. निपाणीतलं चित्र सगळ्या देशात असेलच असंही नाही, आमच्याकडं दोन सिमवाले जास्तच. आणि हो, एअरटेलही त्या सप्टेंबरनंतर बाजाराबरोबर चांगलाच खाली आला होता, मग 2025 च्या मध्यात दोन हजारापर्यंत गेला, म्हणजे दाजी मधल्या दोन महिन्यांत मला फोन करून 'बघ' म्हणू शकले असते. म्हणालेही.

पण ओळखीतले सोडून चाललेत एवढ्यावर विकू नका. सोडून जाणारा महिन्याला किती देत होता ते आधी विचारा. आणि आक्का, तू हे वाचलंस तर, डीमॅट तुझ्या नावावर आहे, ओटीपी तुझ्या फोनवर येतो, तो दाजींना वाचून दाखवायची काय गरज नाही.